वाढताना कुणी बघितलंय? (देवयानी, मसाई पठार आणि भाचीचा प्रश्न)

पन्हाळकर मामा | रविवार, २१ डिसेंबर, सकाळी ९:१०

काल संध्याकाळी भाचीला घेऊन मसाई पठारावर गेलो होतो. सातवीत आहे, प्रश्न फार. अमावास्या नुकतीच सरलेली, चंद्राचा पत्ता नाही, थंडी मरणाची. कोल्हापूरच्या बाजूला आभाळ पिवळट झालेलं, ते सोडलं तर वरती झकास. भाद्रपदेचा चौकोन धरला, शर्मिष्ठेकडं सरकत गेलो आणि देवयानी (इंग्रजीत अँड्रोमेडा) सापडली. माझ्याकडं ७ बाय ५० ची जुनी दुर्बीण आहे. तिच्यात पिंजलेल्या कापसासारखा लांबट पुंजका दिसतो, त्याहून जास्त काही नाही. भाचीनं बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाली, "मी बघितलो की मामा, पण त्यात काय हाय?"

झालं, मी सुरू झालो. हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, ही आपल्या आकाशगंगेसारखीच दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, दीर्घिका आधी लहान असतात, मग वायू ओढून घेतात, शेजारच्या गिळतात, मोठ्या होतात, शेवटी वायू संपतो आणि नवे तारे जन्मायचे थांबतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वाढताना कुणी बघितलंय?"

म्हटलं, शास्त्रज्ञांनी. "किती वर्षं बघत होते?"

इथं अडकलो. गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडं वळवली १६०९ ला. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला १९२३ मध्ये तिच्यात सापडलेल्या एका रूपविकारी (उजेड कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यावरून नक्की झालं. म्हणजे हिशेब जेमतेम १०० वर्षांचा. आणि दीर्घिकेला स्वतःभोवती एक फेरी मारायलाच वीस-बावीस कोटी वर्षं लागतात. मग वाढली म्हणायचं कशाच्या जोरावर? जाणकारांनी सांगावं. "शास्त्रज्ञ सांगतात म्हणून" हे उत्तर घरी चालत नाही.

तांबडा पांढरा | सकाळी ९:४२

भाचीला मानलं. बाकी थंडीत वरती खायला काय नेलं होतं ते लिहिलंच नाही, धागा अपुरा आहे.

गुळव्या | सकाळी १०:०५

मामा, हंगाम चालू आहे म्हणून गुऱ्हाळाचंच सांगतो. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. कुणी परगावचा माणूस आला आणि त्याच्याकडं पाचच मिनिटं आहेत. एका जागी उभा राहिला तर त्याला काय कळणार? घाण्यातनं रस पडतोय एवढंच. पण त्याच पाच मिनिटांत वाटेवरच्या दहा गुऱ्हाळांवर डोकावला, तर एकीकडं रस गाळतायत, दुसरीकडं काहिलीत मळी वर आलीय, तिसरीकडं पाक घट्ट होऊन बुडबुडे जड पडतायत, चौथीकडं काहील वाफ्यात ओतलीय आणि पाचवीकडं रवे बांधून तयार. ऊस आणि गूळ यांच्यामधलं सगळं त्याला एका फेरीत दिसलं. एकही आधण त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं नाही.

खगोलवाले हेच करत असणार असा माझा अंदाज. चूक असेल तर बाई सुधारतील.

निवृत्त बाई | सकाळी ११:३०

गुळव्या, छान सांगितलंत. एक भर घालते. तुमच्या पाहुण्याला कुठलं गुऱ्हाळ किती पुढं गेलंय हे बघून ओळखावं लागतं. आमच्याकडं प्रत्येक गुऱ्हाळावर घड्याळ लावलेलं आहे. जितकं लांबचं बघाल तितकं जुनं दिसतं, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो. देवयानी २५ लाख वर्षांपूर्वीची दिसते, पण दीर्घिकेच्या आयुष्यात २५ लाख म्हणजे काहीच नाही. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. खरा इतिहास बघायचा तर शेकडो कोटी प्रकाशवर्षं मागं जायला हवं.

हे घड्याळ वाचायचं कसं? वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून. हायड्रोजनची एक लाल रेषा प्रयोगशाळेत ६५६ नॅनोमीटरला येते, मी पंचवीस वर्षं मुलांना दाखवलीय. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावतं आणि प्रकाशाची लहर ताणली जाते. हीच रेषा एखाद्या दीर्घिकेत १३१२ ला सापडली, म्हणजे लहर दुप्पट झाली, तर तो प्रकाश सुमारे ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. पुस्तकात याला ताम्रसृती म्हणतात, बोलताना सगळे रेडशिफ्टच म्हणतात.

१९९५ च्या डिसेंबरात अंतराळातल्या हबल दुर्बिणीनं सप्तर्षीच्या भागातल्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्याकडं दहा दिवस टक लावली. चंद्राच्या रुंदीच्या बाराव्या हिश्श्याएवढा तुकडा. त्यात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. जवळच्या मोठ्या, घडीव, सर्पिल किंवा लंबगोल. लांबच्या लहान, वेड्यावाकड्या, गाठी आल्यासारख्या. सगळी गुऱ्हाळं एका फोटोत.

शंकेखोर | दुपारी १२:१५

बाई, नमस्कार. तुमचं आणि गुळव्याचं दोघांचंही पटलं नाही.

कुठल्याही तालमीत जा. आठ वर्षांचं पोर लंगोट लावून माती उकरतंय, पंचवीसचा गडी जोर मारतोय, साठीचा वस्ताद कट्ट्यावर बसलाय. परगावचा माणूस म्हणेल, वा, हे पोर पुढं असं होणार आणि शेवटी तसं होणार. पण त्या पोरांतली निम्मी दहावीला तालीम सोडतात. आणि आजच्या वस्तादांच्या लहानपणी दुधाचा खुराक वेगळा होता, गाव वेगळं होतं. आजचं पोर म्हणजे वस्तादांचं बालपण नव्हे. उसाचा गूळच होतो, पोराचा पैलवान होईलच असं नाही.

म्हणजे ७८० कोटी वर्षांपूर्वीची ती वाकडी दीर्घिका पुढं देवयानीसारखी झाली, हे कशावरून? ती दुसरीच काहीतरी झाली असेल, किंवा कुणीतरी गिळली असेल.

पन्हाळकर मामा | दुपारी १२:२०

हाच. हाच प्रश्न भाचीच्या मनात होता, तिला तालीम सुचली नाही एवढंच.

निवृत्त बाई | दुपारी ३:४८

शंकेखोर, तुम्ही जे लिहिलंत त्यावर खगोलशास्त्रात खरंच भांडणं झाली आहेत. तुमच्याच तालमीत उदाहरण देते.

सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वीच्या काही वजनदार दीर्घिका सापडल्या, ज्यांच्यात नवे तारे जन्मायचे तेव्हाच थांबले होते. आज तेवढ्याच वजनाच्या अशा थंडावलेल्या दीर्घिका असतात, त्यांच्यापेक्षा या तीन ते पाच पटींनी लहान. वजन तेवढंच, आकार बुटका. मग त्या नंतर लहान लहान दीर्घिका गिळून पसरल्या, की बुटक्या होत्या तशाच राहिल्या आणि पुढच्या काळात उंच गडी नव्यानं तालमीत भरती झाले, त्यामुळं सरासरी उंची वाढलेली दिसली? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडल्या असं आज मानतात. कुणाचा वाटा किती, यावर अजून लेख येतात.

एकेकट्या दीर्घिकेचं भविष्य सांगता येत नाही, हे मान्य. म्हणून शिरगणती करायची. ठरावीक घनफळात सगळ्यात वजनदार अशा किती दीर्घिका होत्या, तेव्हा आणि आता. जिल्ह्यात पहिल्या शंभरात असलेला मल्ल साधारण पहिल्या शंभरातच राहतो असं धरून चालायचं आणि ते धरणं संगणकातल्या कृत्रिम विश्वात तपासायचं. तंतोतंत नाही, पण बऱ्यापैकी चालतं.

आणखी एक. तालमीतल्या पोराकडं बघून तो रोज किती खातो हे कळतं की नाही? दीर्घिकेचंही कळतं. मोठे निळे तारे दोन-तीन कोटी वर्षांत मरतात, सूर्यासारखे हजार कोटी वर्षं जगतात. दीर्घिका निळी असेल तर आत्ता बाळंतपणं चालू आहेत, तांबूस असेल तर कधीच थांबलीत. अशी गणती सगळ्या काळांत केली तर दिसतं की विश्वात ताऱ्यांच्या जन्माचा भर सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी होता आणि तेव्हापासून तो उतरत आलाय. आपली आकाशगंगा आज वर्षाला एखाद-दुसऱ्या सूर्याएवढेच तारे घडवते.

गुळव्या | दुपारी ४:०२

म्हणजे हंगाम संपत आलाय. चुलवाण विझायला आलं.

खोडदकर | संध्याकाळी ५:२५

चुलवाण का विझलं याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रात काढलंय, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं. मूळचा राजारामपुरीचा, नोकरीनं नारायणगावच्या बाजूला.

तारे होतात हायड्रोजन वायूपासून. तो वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, पण इतक्या क्षीण की लांबच्या एकट्या दीर्घिकेकडून काही ऐकूच येत नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, तरीही नाही. मग पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या आदित्य चौधरी, निस्सीम कानेकर आणि जयराम चेंगलूर यांनी बेंगळूरूच्या सहकाऱ्यांबरोबर साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. खासबाग मैदानात एकट्याची कुजबूज वरच्या पायरीवर पोचत नाही, पण सगळं मैदान एकच शब्द कुजबुजलं तर पोचेल ना? तसं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. निघालं असं, की सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण त्या इतक्या झपाट्यानं तारे घडवत होत्या की तो शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा येईना, म्हणून जन्मदर पडला.

गुळव्याच्या भाषेत, काहील शाबूत आहे, चिपाड आहे, उसाच्या गाड्याच यायच्या बंद झाल्यात.

गुळव्या | संध्याकाळी ५:३१

👏 हे चुलत्यांना वाचून दाखवतो.

तांबडा पांढरा | संध्याकाळी ६:१०

एक विचारू का? जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. १९ जुलै १९३८ चा जन्म. ते तर बिग बँग (महास्फोट) मानत नव्हते ना? मग वरचं सगळं त्यांना मान्य होतं का? भांडण लावायला विचारत नाही, खरंच विचारतोय.

निवृत्त बाई | रात्री ८:०५

चांगलं विचारलंत. या धाग्याचा प्रश्न आणि नारळीकरांचा वाद एकमेकांत अडकलेले आहेत.

१९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचं विश्व मांडलं. विश्व प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं आणि कुठल्याही काळात बघा, सरासरीनं विश्व सारखंच दिसतं. म्हणजे एखादी दीर्घिका वाढेल, म्हातारी होईल, पण पूर्वीची आणि आजची गर्दी सारखीच. तालमीत कायम तेवढीच पोरं, तेवढेच वस्ताद. हे तपासता येण्यासारखं विधान होतं आणि हॉइलच्या बाजूनं ते लढवायला केंब्रिजमध्ये नारळीकर उभे राहिले. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी १९६१ मध्ये रेडिओ स्रोतांची मोजणी पुढं केली आणि म्हणाले, लांब, म्हणजे पूर्वी, क्षीण स्रोत जास्त होते, विश्व बदललंय. हॉइल आणि नारळीकरांनी त्याच वर्षी उत्तर दिलं, की स्रोत घोळक्यानं असतील तर अशी मोजणी स्थिर विश्वातही येऊ शकते.

मजा पुढं आहे. नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले. त्याच संस्थेच्या उटीच्या रेडिओ दुर्बिणीवर गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी रेडिओ स्रोतांचे आकार मोजले आणि १९७५ मध्ये त्यांचेही आकडे बदलत्या विश्वाच्याच बाजूनं पडले. एकाच संस्थेत दोन्ही पक्ष. नारळीकर शेवटपर्यंत आपल्या मतावर राहिले, १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर सिद्धांताची सुधारलेली आवृत्तीही मांडली. माझं मत विचाराल तर पुरावा त्यांच्या विरोधात गेला. पण "लांबचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं आहे का, ते मोजून दाखवा" असं कुणी ठणकावून म्हटल्याशिवाय या मोजण्या एवढ्या कसोशीनं झाल्या नसत्या.

जगात भारी | रात्री ८:४०

पण आता अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीनं बिग बँग खोटी ठरवली ना? एवढ्या लवकर एवढ्या मोठ्या दीर्घिका सापडल्यात. व्हिडिओ बघितला मी.

खोडदकर | रात्री ९:१५

भावा, तो व्हिडिओ आमच्याही घरच्या ग्रुपवर आला होता.

लांबची दीर्घिका आधी रंगावरून हेरतात. वाटेतला हायड्रोजन एका ठरावीक लहरीपेक्षा आखूड प्रकाश खाऊन टाकतो. ती सीमारेषा ताणून अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात, जाते. त्यामुळं निळ्या बाजूच्या फिल्टरमध्ये दीर्घिका गायब, पुढच्या फिल्टरमध्येही गायब आणि एकदम तिसऱ्यात लख्ख, असं दिसलं की ती फार लांबची असावी असा संशय. संशयच. कारण जवळची धुळीनं भरलेली दीर्घिकाही तांबडी दिसते आणि तसंच सोंग घेते.

सीईईआरएस-९३३१६ नावाचीचं असंच झालं. रंगावरून रेडशिफ्ट १६ च्या पुढं, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षं, अशी बातमी. २०२३ मध्ये वर्णपट घेतला तर रेडशिफ्ट ४.९. शंभरेक कोटी वर्षं नंतरची निघाली. तुझ्या व्हिडिओतल्या दीर्घिकांचा वर्णपट झालाय का, ते आधी बघ.

पण झालेल्याही आहेत. जेएडीईएस-जीएस-झेड१४-० ही महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतली आणि चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला तिच्यात ऑक्सिजनही सापडला. ऑक्सिजन म्हणजे त्याआधी मोठे तारे जन्मून मेलेसुद्धा. वाढ अपेक्षेपेक्षा भराभर झाली हे खरं, सिद्धांतवाल्यांची झोप उडाली हेही खरं. त्यातून बिग बँग खोटी ठरत नाही. दीर्घिका कशा भरतात याचं आपलं गणित कच्चं होतं, एवढं ठरतं.

आणि अलकनंदा विसरू नका. पुण्याच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच माहितीतून शोधलेली सर्पिल दीर्घिका, २०२५ च्या शेवटची बातमी. महास्फोटानंतर १५० कोटी वर्षांत दोन रेखीव सर्पिल भुजा. त्या वयात दीर्घिका गबाळ्या असतात अशी सगळ्यांची समजूत होती. वर्षाला सुमारे ६० सूर्यांएवढे तारे घडवते.

शंकेखोर | रात्री ९:३०

म्हणजे आठ वर्षांचं पोर थेट हिंदकेसरीसारखं घडीव. हे आवडलं.

महाद्वार रोड | रात्री १०:०२

धुळीवरून आठवलं. अंबाबाईचा किरणोत्सव. सूर्य वेळेवर असतो, मूर्ती जागेवर असते, आणि हवेत धुरकं असलं की किरण कमरेपर्यंत येऊन विरतात. दीर्घिकांच्या धुळीचं काय करतात?

खोडदकर | रात्री १०:२०

धूळ ताऱ्यांचा उजेड गिळते, पण गिळून तापते आणि अवरक्त व त्याहून लांब लहरींत परत सोडते. अल्मा तेच टिपते. विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या उजेडातला निम्म्याच्या आसपास असा धुळीतून फिरून आलेला आहे. म्हणजे फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर जमाखर्च मांडला तर निम्मी वही कोरी.

ब्रह्मपुरी टेकडी | सोमवार, २२ डिसेंबर, सकाळी ७:५०

सगळे लांब बघताय. घरातही खणता येतं की.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे, बघितली असेल. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेकाठी काय करतोय? ब्रह्मपुरीवर १९४० च्या दशकात सापडली. मूर्तीचा घाट इथला नाही, म्हणजे बाहेरून आली. त्यावरून सातवाहन काळातल्या कोल्हापूरचा रोमन जगाशी व्यापार होता हे कळलं. आणताना कुणी बघितलं नव्हतं.

आकाशगंगेत हेच झालंय. युरोपच्या गाया यानानं शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची जागा आणि बरेचसे वेग मोजले. २०१८ मध्ये त्यात असा एक जथा सापडला, की त्यांच्या कक्षा लांबुळक्या, काही तर उलट्या दिशेनं फिरणारे आणि त्यांच्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाणही इथल्या ताऱ्यांपेक्षा निराळं. परक्या घाटाचे. म्हणजे सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी आपण एक दीर्घिका गिळली, तिची ही खापरं. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात. धनुतली एक खुजी दीर्घिका तर आजही गिळणं चालू आहे, १९९४ मध्ये सापडली.

शंकेखोर, इथं तुमचा आक्षेप लागत नाही. दुसऱ्याच्या पोराकडं बघून अंदाज नाही करायचा, वस्तादांच्याच अंगावरच्या जुन्या खुणा वाचायच्या.

शंकेखोर | सकाळी ८:१४

मान्य. पण हे एकाच वस्तादाचं झालं.

ब्रह्मपुरी टेकडी | सकाळी ८:३०

म्हणूनच दोन्ही लागतं. 😄

तांबडा पांढरा | सकाळी ९:०५

गिळतात गिळतात म्हणताय, गिळताना काय होतं हे कसं कळलं? ते तर नक्कीच कुणी बघितलं नसणार.

निवृत्त बाई | दुपारी १:१०

१९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी संगणक नसताना हे करून बघितलं. टेबलावर ७४ दिवे मांडले, प्रत्येक दीर्घिकेला ३७. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो आणि गुरुत्वाकर्षणही. म्हणून प्रत्येक जागी कुठल्या दिशेनं किती उजेड येतो ते प्रकाशमापकानं मोजायचं, तेवढी ओढ धरायची, दिवे थोडे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. दोन्ही दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या की ताणल्या जातात, भरती-ओहोटीसारख्या, आणि त्यांच्यात शेपट्यांसारख्या भुजा निघतात असं दिसलं. गणपतीच्या मंडपात माळा सोडणाऱ्या कुठल्याही पोराला हे जमलं असतं, फक्त चिकाटी हवी. १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी संगणकावर तशाच शेपट्या काढल्या आणि त्या आकाशातल्या खऱ्या जोड्यांशी जुळल्या.

देवयानी आपल्यावर आदळणार हे भाचीला सांगितलं असेल तर सुधारा मामा. ४०० कोटी वर्षांनी नक्की, असं २०१२ मध्ये म्हणत होते. २०२५ च्या नव्या गणितात येत्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मी निघालीय.

पन्हाळकर मामा | रात्री ९:२५

सांगितलं होतं. सुधारलं. "म्हणजे टॉस?" एवढंच म्हणाली.

जेवताना तिला गुऱ्हाळ, तालीम आणि टाऊन हॉलमधला समुद्रदेव तिन्ही सांगितले. गुऱ्हाळ लगेच पटलं. तालमीला म्हणाली, शंकेखोर काका बरोबर आहेत. पोसायडन बघायला रविवारी जायचंय. मग विचारलं, आपण गिळलेली एखादी दीर्घिका इथनं दिसते का? मी गप्प. बोला.

ब्रह्मपुरी टेकडी | रात्री ९:५०

दिसते, म्हणजे तिचा गाभा असावा असा दाट संशय. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. साध्या डोळ्यांना अंधुक ताऱ्यासारखा, दुर्बिणीत गोल लोकरीचा गुंडा. कोल्हापुरातून दक्षिणेला क्षितिजापासून पंचवीसेक अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळं दक्षिण मोकळी हवी. एप्रिलच्या शेवटी रात्री अकराच्या सुमारास. मसाईवर दक्षिणेला आडवं काय येतं?

पन्हाळकर मामा | रात्री ९:५८

काही नाही, उतारच आहे. एप्रिलची अमावास्या बघून कळवतो. गाडीत दोन जागा आहेत, तांबडा पांढरा, रस्सा तुमच्याकडं.